पाच फुटांचा फरक: बावीस की सत्तावीस?

समजा, तुम्ही अमेरिकेत राहता, घरापासून तासाभरावर एखादी खाडी आहे आणि यंदा एक जुनी शिडाची होडी घ्यायचीच असं घरात ठरलंय. जाहिराती चाळून चाळून शेवटी दोन होड्या उरल्यात. एक २२ फुटी, दुसरी २७ फुटी. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही चाळीसेक वर्षं जुन्या, आणि गंमत म्हणजे मागितलेल्या किमतीतही फारसा फरक नाही. साहजिकच मनात येतं, तेवढ्याच पैशांत मोठी मिळत असेल तर छोटी घ्यायची कशाला?

हा प्रश्न दिसतो व्यवहाराचा, पण त्याचं निम्मं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. संशोधनात आम्हाला एक सवय लागलेली असते: एखादी गोष्ट वाढली की तिच्याबरोबर बाकीच्या गोष्टी कोणत्या घातांकाने वाढतात ते आधी बघायचं. होडीची लांबी पाव हिश्श्याने वाढली की वेग, वजन, वाऱ्याचा जोर, स्थैर्य आणि खर्च हे सगळं पाव हिश्श्यानेच वाढत नाही. प्रत्येकाचा घातांक वेगळा. आजच्या लेखात आपण हे घातांक एका खऱ्या जोडीवर तपासून पाहू, म्हणजे उद्या तुमच्यासमोर दुसऱ्या कुठल्या दोन होड्या आल्या तरी हिशोब तुमचा तुम्हाला करता येईल.

आपल्या दोन होड्या

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रँक बटलर यांच्या दोन प्रसिद्ध होड्या घेऊ: कॅटलिना २२ आणि कॅटलिना २७. पहिली १९६९ पासून बनू लागली, दुसरी १९७१ पासून. बावीसच्या १५,००० हून अधिक होड्या बनल्या, सत्तावीसच्या साडेसहा हजारांहून अधिक. म्हणूनच अमेरिकेत जुन्या होड्यांच्या जाहिरातींत ही नावं सारखी भेटतात आणि सुटे भागही सहज मिळतात. सामान्यतः दिले जाणारे आकडे असे:

कॅटलिना २२: एकूण लांबी २१.५ फूट, पाण्याच्या रेषेवरची लांबी १९.३ फूट, रुंदी ७ फूट ८ इंच, वजन सुमारे १,१३० किलो, शिडांचं क्षेत्रफळ २१२ चौरस फूट.

कॅटलिना २७: एकूण लांबी २६.८ फूट, पाण्याच्या रेषेवरची लांबी २१.७५ फूट, रुंदी ८ फूट १० इंच, वजन सुमारे ३,१०० किलो, शिडांचं क्षेत्रफळ ३४० चौरस फूट.

होडीच्या तळाशी, माशाच्या परासारखा पाण्यात खाली गेलेला जो भाग असतो त्याला कील म्हणतात. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये आणि कलंडू नये, ही दोन कामं तो करतो. बावीसची सर्वांत जास्त आढळणारी कील बिडाची, २५० किलोची आणि वर उचलता येणारी असते. सत्तावीसची कील पक्की बसवलेली, शिशाची आणि सुमारे १,२२५ किलोची. म्हणजे मोठ्या होडीची नुसती कीलच अख्ख्या छोट्या होडीपेक्षा जड आहे! इथेच "पाचच फुटांचा तर फरक" हा समज डळमळू लागतो.

वेग: इथे लांबी कंजूष आहे

मोठी होडी जोरात पळेल असं आपण गृहीत धरतो. किती जोरात, ते पाहू.

पुढे जाताना होडी पाण्यात लाटा उठवते. एक लाट पुढच्या टोकाशी, एक मागे. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. होडीचा वेग वाढतो तशी तिने उठवलेली लाट लांबत जाते, आणि एका वेगाला लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी होते. याहून जोरात जायचं तर होडीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहावं लागतं, आणि जड होडीला ते परवडत नाही. या मर्यादेला हल स्पीड म्हणतात. हलक्या, सपाट बुडाच्या होड्या ती ओलांडून पाण्यावरून घसरत जातात. आपल्या या दोन्ही होड्या त्या जातीच्या नव्हेत.

इंग्लंडमधल्या विल्यम फ्रूड या अभियंत्याने १८६० च्या दशकात 'स्वान' आणि 'रेव्हन' नावाच्या दोन आकारांची मॉडेलं तीन, सहा आणि बारा फूट लांबीत बनवून ओढून पाहिली. त्यातून पक्कं झालेलं तत्त्व असं की लहान आणि मोठ्या होडीची तुलना समान वेगाला करायची नसते. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवले तरच दोघींच्या लाटांचं चित्र सारखं दिसतं.

आता आपले आकडे घालू. पाण्यातली लांबी फुटांत घेऊन तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, की वेग नॉटमध्ये मिळतो. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. बावीसचा हल स्पीड येतो ५.९ नॉट, सत्तावीसचा ६.२५ नॉट. सहा टक्क्यांचा फरक! वीस सागरी मैलांची सहल दोघींनीही पूर्ण वेगात केली तर छोटी ३ तास २४ मिनिटं घेईल, मोठी ३ तास १२ मिनिटं. बारा मिनिटं. तेवढ्यात धड चहाही होत नाही. तेव्हा वेगासाठी मोठी होडी घेत असाल, तर ते कारण यादीतून खोडून टाका.

वजन: इथे लांबी उधळी आहे

एखादी वस्तू सर्व बाजूंनी सारखी वाढवली तर तिचं पृष्ठफळ लांबीच्या वर्गाने आणि घनफळ घनाने वाढतं. गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या जाडीचं उदाहरण देऊन हेच सांगितलं होतं. आपल्या होड्यांच्या एकूण लांबीचं गुणोत्तर १.२५ आहे. त्याचा घन सुमारे १.९५. म्हणजे मोठी होडी छोटीच्या जवळपास दुप्पट जड असायला हवी. प्रत्यक्षात ती पावणेतीन पट आहे, कारण नुसता आकार वाढला नाही, हेतूही बदलला. छोटी ट्रेलरवरून न्यायला बनवली, मोठी पाण्यात राहायला.

याचा अनुभव सर्वांत आधी धक्क्याला लागताना येतो. समजा तुमचा अंदाज चुकला आणि होडी सेकंदाला एक मीटर या वेगाने, म्हणजे रमतगमत चालण्याच्या वेगाने, धक्क्याकडे सरकतेय. तिला एका सेकंदात थांबवायचं तर छोटीसाठी सुमारे ११५ किलो वजनाएवढा जोर लागेल, मोठीसाठी ३१५ किलोएवढा. छोटीच्या बाबतीत दोन धडधाकट माणसं कदाचित निभावून नेतील. मोठीच्या बाबतीत मध्ये घातलेला हात किंवा पाय मोडेल. हा नियम घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा: होडी आणि धक्का यांच्यामध्ये शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही, त्यासाठी फेंडर आणि दोर आहेत.

वारा: दुधारी हिशोब

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचा वारा १७ नॉट झाला की जोर दुप्पट, आणि २० नॉटचा वारा १० नॉटच्या चौपट. ढोबळ हिशोबाने २० नॉटच्या वाऱ्यात सगळी शिडं उभारली असतील तर छोटीच्या शिडांवर १३० किलोएवढा आणि मोठीच्या शिडांवर २०० किलोएवढा जोर येतो. या वाऱ्यात शहाणा माणूस शीड कमी करतो, हे वेगळं सांगायला नको.

मग मोठी होडी जास्त धोक्याची का? उलट आहे. कलंडवणारा जोर म्हणजे शिडाचं क्षेत्रफळ गुणिले त्याची उंची. तो लांबीच्या घनाने वाढतो. सावरणारा जोर म्हणजे वजन गुणिले तरफेची लांबी. तो चौथ्या घाताने वाढतो. म्हणून आकार वाढला की होडी आपोआप अधिक ताठ उभी राहते. शिवाय छोटीत एकूण वजनाच्या २२ टक्के वजन कीलमध्ये आहे, मोठीत ३९ टक्के. आपल्या जोडीत कलंडवणारा जोर साधारण दुप्पट होतो, तर सावरणारा तिपटीच्या वर जातो. भर वाऱ्यात सत्तावीसमध्ये बसलेल्या आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, त्यामागे हा घातांक आहे.

पण मंद वाऱ्यात नाणं उलटं पडतं. होडी किती चपळ आहे हे मोजायला शिडाचं क्षेत्रफळ वजनाशी ताडून पाहण्याची एक रूढ पद्धत आहे. त्यात बावीसला सुमारे १८.५ आणि सत्तावीसला १५ गुण मिळतात. म्हणजे पाच-सहा नॉटच्या झुळुकीत छोटी चालू लागते तेव्हा मोठी अजून विचार करत असते, आणि तुमचा हात इंजिनाच्या दोरीकडे जातो.

त्यामुळे उत्तर पाण्यावर अवलंबून राहतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उन्हाळ्यात दुपारचा वारा सर्रास वीस नॉटच्या वर जातो. तिथे सत्तावीसचं वजन हे सुख आहे. मेरीलँडजवळच्या चेसापीक उपसागरात जुलै-ऑगस्टच्या कितीतरी दुपारी वारा जेमतेम असतो. तिथे बावीस जास्त वेळ शिडावर चालेल. मात्र त्याच चेसापीकवर संध्याकाळी गडगडाटी वादळ अचानक उठतं, हेही लक्षात ठेवा. तेव्हा दोन्ही होड्यांना एकच शहाणपण लागू: आभाळ भरून येण्याआधी किनारा गाठणं.

चार इंच आणि दोन फूट

आता अशा दोन आकड्यांकडे या, ज्यांत घातांक नाही, फक्त एक रेषा आहे: अलीकडे किंवा पलीकडे.

पहिली रेषा रस्त्याची. अमेरिकेत साधारणपणे साडेआठ फूट रुंदीपर्यंतची वस्तू विशेष परवान्याशिवाय ट्रेलरवरून नेता येते. बावीस या रेषेच्या दहा इंच अलीकडे आहे. सत्तावीस चार इंच पलीकडे. या चार इंचांमुळे मोठी होडी तुमच्या अंगणात हिवाळा काढू शकत नाही. ती हलवायची म्हणजे परवाना, खास वाहन आणि पाण्यातून काढायला यारी. छोटी मात्र ट्रेलर, इंजिन आणि सामान धरूनही अनेक मध्यम आकाराच्या एसयूव्हींना ओढता येते. गाडीच्या पुस्तिकेत टोइंगची क्षमता बघा, आणि ती होडीच्या नव्हे, सगळ्यांच्या एकत्रित वजनाशी ताडा.

दुसरी रेषा तळाची. कील उचलली की बावीसला साधारण दोन फूट पाणी पुरतं; सत्तावीसला चार फूट हवंच. न्यू जर्सीतल्या बार्नेगॅट उपसागराची सरासरी खोली दीड मीटरच्या आसपास, म्हणजे पाचेक फूट आहे. सरासरी पाच म्हणजे कित्येक ठिकाणी चारपेक्षा कमी. तिथे सत्तावीस घेतली तर नकाशावर दिसणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तुमच्यासाठी नसल्यासारखाच. ओहोटीला वाळूत रुतलात तर भरतीची वाट पाहत डबा उघडून बसा.

खिशाचा हिशोब

जुन्या होडीची किंमत ही एकदाच द्यायची रक्कम. होडी ठेवण्याचा खर्च दर वर्षी येतो, आणि त्यालाही घातांक असतात.

धक्क्यावरच्या जागेचं भाडं फुटावर आकारतात. समजा दर महिन्याला फुटामागे १२ डॉलर. बावीसला २६४ डॉलर, सत्तावीसला ३२४. फरक २३ टक्क्यांचा, सुसह्य. (काही मरीना होडीच्या नव्हे, जागेच्या लांबीचे पैसे घेतात, मग हा फरक पुसलाही जातो. आधी विचारून घ्या.) बुडाला लावायचा रंग पृष्ठभागावर अवलंबून, म्हणजे लांबीच्या वर्गावर, तो दीडपट लागेल. नवी शिडं शिवायची तर कापड १.६ पट, शिवाय जोर जास्त म्हणून कापड जाड, दोर जाड, पुली मोठ्या. यारीने उचलणं, इंजिनची दुरुस्ती ही कामं तर छोटीच्या बाबतीत तुम्ही टाळू शकता. मोठीच्या बाबतीत नाही.

म्हणून दोन्हींची किंमत सारखी का, हे कोडंही सुटतं. मोठीचा मालक किमतीतून सूट देतोय ती पुढच्या खर्चाची. फायबरग्लासची होडी कुजून नाहीशी होत नाही आणि मोडीत काढायलाही पैसे पडतात. म्हणूनच कधीकधी अशी होडी "फुकट" मिळते. फुकटची होडी सर्वांत नीट तपासून घ्यावी.

हातोडी घेऊन जा

इथे एक गोष्ट वरच्या सगळ्या सूत्रांवर मात करते: तुमच्यासमोरच्या त्या विशिष्ट होडीची अवस्था. सुस्थितीतली बावीस ही बिघडलेल्या सत्तावीसपेक्षा चांगली, आणि उलटही तितकंच खरं.

डेक दोन फायबरग्लासच्या थरांमध्ये लाकूड भरून बनवलेला असतो. प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकत जा. टणक, कोरडा आवाज म्हणजे ठीक. बद्द आवाज आला किंवा पायाखाली डेक दबला, तर आत पाणी शिरून लाकूड कुजलंय. डोलकाठीला बांधून ठेवणाऱ्या पोलादी तारा आणि त्या जिथे होडीला जोडल्यात ती ठिकाणं बघा. तार दिसायला चकचकीत असली तरी वय विचारा. ती कधी बदलली हे मालकाला सांगता येत नसेल, तर बदलण्याचा खर्च धरूनच बोली लावा.

बावीसमध्ये उचलत्या कीलचा खिळा, तिची तार आणि तार गुंडाळणारी चरखी हे तीन भाग झिजतात. तार तुटली तर २५० किलोचं बीड दाणकन खाली येतं. सत्तावीसमध्ये कील आणि बुड यांच्या सांध्याच्या पुढच्या बाजूला आडवी भेग दिसते का पाहा. ही खूण इतकी परिचित आहे की तिला कॅटलिनाचं हसू म्हणतात. बारीक भेग दुरुस्त होते. पण आतल्या बोल्टांना गंज असेल किंवा भेगेतून पाणी ठिबकत असेल, तर ते हसू तुम्हाला महागात पडेल. काही सत्तावीसमध्ये आत बसवलेलं जुनं पेट्रोल इंजिन असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बुडाशी साठते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी पंखा चालवून वाफ बाहेर काढणं हा शिष्टाचार नसून जिवाचा प्रश्न आहे.

मोठीसाठी मरीन सर्व्हेयरकडून तपासणी करून घ्याच. जुन्या होडीचा विमा देताना कित्येक कंपन्या ती मागतातही.

मग घ्यायची कोणती?

आता कागद घ्या आणि "किती फूट?" हा प्रश्न बाजूला ठेवून हे चार प्रश्न लिहा.

रात्री होडीवर मुक्काम करणार का? सत्तावीसमध्ये सहा फुटी माणूस ताठ उभा राहू शकतो आणि दार लावता येणारं शौचालय आहे. बावीसमध्ये वाकूनच वावरावं लागतं. चौघांच्या कुटुंबाला महिन्यातून दोन रात्री पाण्यावर काढायच्या असतील, तर हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडेल.

तुमचं पाणी उथळ आहे की खोल, वारा मंद की जोरकस? उथळ आणि मंद असेल तर बावीस. खोल आणि जोरकस असेल तर सत्तावीस.

होडी एकट्याने किंवा एका नवख्या सोबत्याबरोबर हाताळायची वेळ किती वेळा येईल? ती जितकी जास्त, तितकं कमी वजन तुमच्या बाजूचं.

आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: घराच्या दारापासून शीड फडकेपर्यंत किती वेळ लागेल? बावीस ट्रेलरवर ठेवली तर भाडं वाचतं, पण दर वेळी डोलकाठी उभी करून सगळं बांधायला तासभर तरी जातो. (आणि ती उभी करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही.) हा तास सुरुवातीला मजेचा वाटतो, ऑगस्टपर्यंत तो आळसाचं निमित्त होतो. त्यामुळे परवडत असेल तर छोटी होडीसुद्धा हंगामभर पाण्यातच ठेवा आणि ट्रेलर हिवाळ्यासाठी राखा.

पहिलीच होडी, लहान मुलं, उथळ खाडी आणि शनिवारची एक दुपार मोकळी, असं तुमचं चित्र असेल तर मी निःसंकोच बावीस सुचवेन. वेगात तुम्ही फक्त सहा टक्के गमावता, आणि वजनात जवळपास दोन हजार किलोंची कटकट वाचवता. चुका स्वस्त पडतील, आणि दोन हंगामांनंतर मोठी घ्यावीशी वाटली तर तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठाऊक असेल. जोराचा वारा, खोल पाणी आणि मुक्कामाची हौस असेल तर सत्तावीसच घ्या. तिथे छोटीत काटकसर करून मन मारण्यात अर्थ नाही.

निर्णयाआधी एक काम नक्की करा. दोन्ही मालकांना विचारून, तुम्ही एरवी जाल त्या वाऱ्यात, तासभर दोन्ही होड्या चालवून पाहा, आणि जो घरात सर्वांत कमी उत्साही आहे त्याला बरोबर न्या. आकडे आपण कागदावर मांडू शकतो. पण पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं का, या प्रश्नाला ती व्यक्ती काय उत्तर देते, त्यावर होडी पाण्यात राहील की ताडपत्रीखाली, हे ठरेल.